महामार्गाकडेच्या शेताचा रंग बदलतो, म्हणजे नेमकं काय होतं?

स्थानिक संस्थेच्या बैठकीत भिंतीवर नकाशा लावलेला असतो. मधून महामार्गाची काळी रेघ, दोन्ही बाजूंना हिरवं. वाद त्या रेघेला चिकटलेल्या, काही किलोमीटर लांबीच्या पट्ट्याचा आहे. तो शेतीतून काढून व्यापारी वापराला मोकळा करायचा का? एक सभासद म्हणतो, विकास अडवू नका. दुसरा म्हणतो, शेती वाचवा. श्रोत्यांमधून कुणीतरी उठून विचारतो, माझ्या जमिनीचं काय करायचं ते ठरवणारे तुम्ही कोण? तीन तासांनी विषय पुढच्या बैठकीवर ढकलला जातो, आणि मागच्या रांगेत बसलेल्या माणसाला भांडण मोठं आहे एवढंच कळलेलं असतं.

ग्रामीण भागातून मोठा रस्ता गेला की हा वाद आज ना उद्या उभा राहतो. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना फसवणूक वाटायला नको. दुकानं हवीत की नकोत, यावर सगळे भांडतात. मला त्या दुकानांची दारं कुठल्या रस्त्यावर उघडणार हा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. का, ते समजायला थोडं मागून यावं लागेल.

## झोनिंग म्हणजे काय?

स्थानिक संस्थेने आपल्या हद्दीतल्या जमिनीचे वापरानुसार विभाग पाडणं म्हणजे झोनिंग. इकडे घरं, तिकडे कारखाने, अमुक ठिकाणी दुकानं, बाकी शेती. यासाठी दोन कागद लागतात. एक नकाशा, त्यात कुठला तुकडा कुठल्या विभागात ते रंगाने दिसतं. दुसरी नियमावली, त्यात त्या विभागात काय काय चालेल, किती उंच बांधता येईल, रस्त्यापासून किती आत सरकावं लागेल हे लिहिलेलं असतं. एका विभागातला तुकडा दुसऱ्यात टाकला की ते रीझोनिंग. बैठकीत सगळ्यांचे डोळे नकाशावर असतात. खरी गोम नियमावलीत असते, पण तिच्याकडे नंतर येऊ.

ही कल्पना फार जुनी नाही. जर्मनीत फ्रँकफर्टने १८९१ मध्ये शहराचे असे विभाग पाडले. न्यूयॉर्कने १९१६ मध्ये सगळ्या शहराला लागू होणारी नियमावली केली; आदल्याच वर्षी पुऱ्या झालेल्या इक्विटेबल बिल्डिंग नावाच्या अवाढव्य इमारतीने शेजाऱ्यांचं ऊन अडवलं होतं, त्याचा राग त्यामागे होता. मग मामला कोर्टात गेला. क्लीव्हलंड शहरालगतच्या युक्लिड गावाने विभाग पाडले तेव्हा तिथे ६८ एकर जमीन धरून बसलेल्या अँबलर रिअल्टी कंपनीने दावा लावला. कारखान्यांसाठी एकरी १०,००० डॉलरची जमीन तुमच्या नियमाने २,५०० वर येते, असं तिचं म्हणणं. १९२६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी गावाचा अधिकार मान्य केला. निकालपत्रात न्यायमूर्ती जॉर्ज सदरलंड यांनी म्हटलं की उपद्रव म्हणजे कित्येकदा चुकीच्या जागी असलेली बरोबर गोष्ट असते, गोठ्यातलं डुक्कर बैठकीच्या खोलीत यावं तशी.

डुकराचा दोष नाही आणि खोलीचाही नाही. महामार्गाकडेच्या दुकानांबद्दल बोलताना हे डुक्कर लक्षात ठेवलं की अर्धा आवाज कमी होतो. (त्या ६८ एकरांवर पुढे कारखानाच झाला, हा भाग वेगळा.)

## दुकानांना महामार्गच का लागतो?

कारण रस्ता फुकट मिळतो. जमीन आतल्या बाजूला घेतली तर रस्ता काढा, गटार काढा, दिवे लावा, आणि एवढं करून गिऱ्हाईक वळेलच याची खात्री नाही. महामार्गाला लागून घेतली तर रस्ता आधीच सरकारने बांधून ठेवलेला, आणि दिवसभर हजारो डोळे पाटीवरून फिरणार. बांधणाऱ्याने तिथे जावं यात लबाडी कसलीच नाही. पैसे घालणारा कुणीही तेच करेल.

इंग्लंडमध्ये दोन महायुद्धांच्या मधल्या काळात हेच झालं, फक्त दुकानांच्या जागी बरीचशी घरं होती. शहराबाहेर जाणाऱ्या नव्या रस्त्यांच्या दोन्ही कडांना घरांची एकेक ओळ लागत गेली. मागे शेतं तशीच, पण रस्त्यावरून जाणाऱ्याला मैलोन्‌मैल नुसत्या भिंती. याला 'रिबन' म्हणजे फितीसारखी वाढ म्हणू लागले. वाहतूक तुंबली, तेव्हा १९३५ मध्ये खास कायदा करावा लागला. त्याखाली आणलेल्या रस्त्यांच्या मध्यापासून २२० फुटांच्या आत बांधायला किंवा नवा फाटा काढायला रस्त्याच्या मालक-संस्थेची परवानगी लागू लागली. बहुतेक फिती तोवर बांधून झाल्या होत्या. या विषयात कायदा नेहमी एक पाऊल मागे असतो.

## एका दाराला नऊ धोके

आता मुख्य मुद्दा. महामार्गाची ताकद कशात असते? रुंदीत, असं सहसा वाटतं. पण त्याची खरी ताकद अखंड असण्यात आहे. मध्ये कुणी शिरत नाही, कुणी अचानक थांबत नाही, म्हणून गाड्या वेगात आणि बऱ्यापैकी सुरक्षित जातात.

दोन गाड्यांच्या वाटा जिथे एकमेकींना छेदतात, मिळतात किंवा फुटतात, अशा प्रत्येक जागेला आपण टक्करबिंदू म्हणू. दुहेरी वाहतुकीच्या साध्या चौफुलीवर असे ३२ बिंदू असतात. तिठ्यावर ९. आणि महामार्गावर उघडणारं दुकानाचं फाटक म्हणजे काय? एक छोटा तिठाच. गाडी आत वळते, बाहेर पडते, कधी समोरची बाजू कापून येते. रस्त्याच्या एका कडेला किलोमीटरभरात वीस प्लॉट आणि प्रत्येकाला स्वतःचं फाटक असेल, तर १८० टक्करबिंदू झाले. एकेका फाटकाची परवानगी देताना 'एका दुकानाने काय फरक पडतो' हे खरंच असतं. बेरीज कुणाच्याच टेबलावर नसते.

वेगाचा हिशोबही करून बघा. ताशी १०० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर कापते. समोर काहीतरी वळतंय हे दिसून पाय ब्रेकवर जायला रस्ते-अभियंते अडीच सेकंद धरतात; म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच ७० मीटर गेले. पूर्ण थांबेपर्यंत अमेरिकेतले रस्ते आखताना १८५ मीटर अंतर मोकळं दिसावं असं धरतात. वीस फाटकांच्या त्या किलोमीटरमध्ये दोन फाटकांतलं अंतर पन्नास मीटर. म्हणजे एका वळणाऱ्या गाडीसाठी ब्रेक दाबला, तर थांबेपर्यंत आणखी तीन फाटकं मागे पडलेली असतात.

मग पुढचं सगळं ठरल्यासारखं घडतं. अपघात होतात, लोक वेगमर्यादा मागतात. मर्यादा येते, मग सिग्नल, गतिरोधक. काही वर्षांत महामार्ग गावातल्या बाजाराइतका हळू होतो, आणि बाहेरगावी जाणाऱ्यांसाठी नवा वळणरस्ता मागितला जातो. तो झाला की त्याच्या कडेच्या जमिनीवर पुन्हा तोच अर्ज. पाण्याची मोठी वाहिनी टाकायची आणि वाटेत प्रत्येकाने तिला भोक पाडून नळ जोडायचा. शेवटच्या टोकाला पाणी पोचेना की दुसरी वाहिनी टाकायची. पहिल्या वाहिनीचे पैसे सगळ्यांचे, भोकाचा फायदा ज्याचा त्याला.

अमेरिकेतले अभियंते चार्ल्स मॅरोन यांनी अशा बिघडलेल्या रस्त्यांसाठी 'स्ट्रोड' असा शब्दच बनवला, स्ट्रीट आणि रोड यांची मोडतोड करून. आपल्या भाषेत हा भेद आधीपासून आहे: हमरस्ता वेगळा, पेठ वेगळी. हमरस्त्याने पोचायचं, पेठेत थांबायचं. दोन्ही कामं एकाच डांबरावर केली की पोचणंही जमत नाही आणि निवांत थांबणंही.

## रंग बदलला की काय काय येऊ शकतं?

इथे ती नियमावली. अर्जदार बैठकीत सुंदर चित्र दाखवतो: झाडं, बसायला बाकं, शेतमाल विक्रीचं छोटं केंद्र. सभासद त्या चित्राला मत देतात. पण विभागबदल अर्जदाराला मिळत नाही, जमिनीला मिळतो. उद्या ती जमीन विकली तर नवा मालक त्या विभागाच्या यादीतलं काहीही बांधू शकतो. यादीत गोदाम असेल तर गोदाम, ट्रक-टर्मिनल असेल तर ट्रक-टर्मिनल. चित्र कुणावरही बंधनकारक नसतं. ते अटींमध्ये लिहून घेतलं तरच, आणि अशा अटी घालायची मुभा तिथल्या कायद्यात असली तरच.

म्हणून मधले प्रकार निघाले. काही वापरांना सरसकट मुभा नसते. प्रत्येक वेळी सुनावणी आणि अटी, याला सशर्त परवानगी म्हणतात. दुसरा प्रकार म्हणजे मूळ विभाग तसाच ठेवून त्यावर महामार्गापुरती एक जास्तीची नियमावली पांघरायची, ज्यात फाटकं, पाट्या, झाडं, पार्किंग यांचे नियम येतात. मला हा दुसरा प्रकार जास्त उपयोगाचा वाटतो, पण त्याला फोटो काढण्यासारखं काही नसल्याने त्यावर कुणी निवडणूक लढवत नाही.

आजूबाजूला सगळी शेती आणि मध्येच एका माणसाचा एक तुकडा व्यापारी केला, तर त्याला 'स्पॉट झोनिंग' म्हणतात आणि अमेरिकेतल्या कोर्टांत ते बऱ्याचदा टिकत नाही. टिकवण्यासाठी मग सबंध पट्टाच बदलावा लागतो. लांबलचक पट्ट्यांचे अर्ज येतात त्याचं हे एक न बोललं जाणारं कारण.

विभाग कागदावर एक आणि हेतू भलताच, याचा नमुना जाहिरातफलकांत सापडतो. अमेरिकेत १९६५ च्या कायद्याने मोठ्या महामार्गांपासून ६६० फुटांच्या आतल्या फलकांवर बंधनं आली, पण व्यापारी आणि औद्योगिक विभागांना सवलत राहिली. लगेच काही ठिकाणी महामार्गाकडेचे अरुंद पट्टे 'व्यापारी' होऊ लागले. दुकान एकही नाही, फलक मात्र उभे. शेवटी केंद्राच्या नियमांतच लिहावं लागलं की मुख्यतः फलकांसाठी केलेला असा पट्टा आम्ही व्यापारी विभाग मानणार नाही.

## 'माझी जमीन, मी ठरवेन'

हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. ज्याच्या दोन पिढ्या त्या जमिनीवर राबल्या, त्याला एका रेघेने सांगायचं की तुझी शेती शेतीच राहील आणि शेजाऱ्याची सोनं होईल, हे कुणालाही झोंबेल.

यावर वेगवेगळ्या देशांनी वेगवेगळं करून पाहिलं. ब्रिटनने १९४७ मध्ये थेट मुळालाच हात घातला. जमीन तुमची, पण तिचा वापर बदलण्याचा हक्क सार्वजनिक. परवानगीने किंमत वाढली तर ती वाढ शंभर टक्के सरकारजमा. शेतकऱ्याला मग विकायचं कारणच उरेना. ही वसुली १९५० च्या दशकातच रद्द झाली, परवानगीची अट मात्र राहिली. अमेरिकेत नुसती किंमत कमी झाली म्हणून सहसा भरपाई मिळत नाही. युक्लिडमध्येही मिळाली नव्हती. पण १९९२ च्या लुकास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की नियमामुळे जमिनीचा सगळाच आर्थिक उपयोग संपत असेल, तर काही अपवाद सोडून भरपाई द्यावी लागेल. दावा लावणाऱ्या लुकास यांनी समुद्रकाठचे दोन प्लॉट १९८६ मध्ये ९,७५,००० डॉलरला घेतले होते आणि दोन वर्षांत बांधकामबंदी आली होती. राज्याने शेवटी ते प्लॉट विकत घेतले आणि पुढे बांधकामासाठीच विकून टाकले.

अमेरिकेतल्याच ओरेगॉन राज्याची गोष्ट आपल्या विषयाला सर्वांत जवळची. १९७३ च्या कायद्याने तिथे प्रत्येक शहराभोवती वाढीची सीमा आखली गेली. बाहेर शेती आणि जंगल. २००४ मध्ये तिथल्याच मतदारांनी कौल दिला की नियमाने नुकसान झालेल्या जुन्या मालकाला एकतर पैसे द्या, नाहीतर नियम माफ करा. पैसे कुठल्याच स्थानिक संस्थेकडे नव्हते. हजारो दावे आले आणि ज्यांनी कौल दिला त्यांच्याच शेजारी मोठमोठे प्रस्ताव उभे राहू लागले. तीन वर्षांत, २००७ मध्ये, मतदारांनीच तो कौल आखडला: या वाटेने थोडी घरं बांधा, पण दुकानं-कारखाने नाहीत.

एक गोष्ट मात्र या आक्षेपात कुणी मोजत नाही. शेताची किंमत वाढली ती शेतामुळे नाही, समोरच्या रस्त्यामुळे. तो रस्ता सगळ्यांच्या कराचा. नुकसानीची भरपाई मागायची तर वाढीचा वाटाही मागता येतो, आणि फाटकाच्या जागा, महामार्गाला समांतर जोडरस्त्याची जमीन, वळणाऱ्या गाड्यांसाठीच्या जादा पट्ट्याचा खर्च या रूपात तो मागणं मला तरी अन्यायाचं वाटत नाही.

## 'नियमच नको, बाजार ठरवेल'

ह्यूस्टन हे झोनिंग नसलेलं अमेरिकेतलं सर्वांत मोठं शहर. मतदारांनी १९४८, १९६२ आणि १९९३ असं तीनदा झोनिंग नाकारलं. पण तिथे नियम नाहीत असं नाही. पार्किंग, प्लॉटचा आकार यांचे नियम आहेत, आणि वसाहतींच्या खरेदीखतांतच काय बांधायचं नाही याच्या अटी असतात. शहर त्या अटी पाळायला लावतं. बंधनं राहिलीच, लिहिणारा हात बदलला. महामार्गाकडेच्या सुट्या-सुट्या शेतांना असं एकत्रित खरेदीखत नसतं, त्यामुळे हा नमुना तिथे फारसा लागू पडत नाही.

## 'उत्पन्न येईल, रोजगार येईल'

येईल, बऱ्याचदा येतं. पण किती नवं आणि किती गावातल्या जुन्या पेठेतून उठून आलेलं, हे विचारायला हवं. औषधाचं दुकान पेठेतून महामार्गावर गेलं तर गावाचा कर वाढला नाही, पत्ता बदलला. शिवाय लांबट पट्ट्याला पाणी, सांडपाणी, अग्निशमन पुरवणं महाग पडतं, कारण दर ग्राहकामागे वाहिनीची लांबी वाढते. बांधकाम खाजगी पैशाने झालं तरी देखभाल अनेकदा स्थानिक संस्थेच्या गळ्यात येते, आणि ती कायमची. जिथे स्थानिक संस्था विक्रीकरावर जगतात तिथे आणखी एक गंमत होते: शेजारची संस्था देईल या भीतीने आपणच आधी मंजुरी द्यायची.

## मग दुकानं कुठे?

लांबीत पसरू न देता खोलीत. महामार्गाच्या कडेला पाच किलोमीटरची फीत आखण्यापेक्षा एखाद्या चौफुलीपाशी आतल्या बाजूला रुंद पुंजका आखला, तर तेवढीच दुकानं बसतात आणि मुख्य रस्त्याला एक-दोनच तोंडं लागतात. अमेरिकेच्या आंतरराज्य महामार्गांच्या हद्दीत व्यापारी आस्थापनांना मनाई आहे. त्याआधीपासून चालू असलेले काही टोलरस्ते तेवढे सुटले. परिणाम कुणालाही दिसतो: पेट्रोलपंप, उपाहारगृहं, मुक्कामाच्या जागा महामार्गावरून बाहेर पडायच्या वाटांच्या तोंडाशी गोळा झाल्या आणि मधला रस्ता मोकळा राहिला.

साध्या महामार्गावर इतकी कडक बंदी शक्य नसते, पण समांतर जोडरस्ता, दोन-तीन प्लॉटांना मिळून एक फाटक, आणि एका दुकानाच्या पार्किंगमधून शेजारच्याच्या पार्किंगमध्ये जायची वाट एवढं केलं तरी खूप फरक पडतो. दुभाजक बंद ठेवून फाटकातून फक्त जवळच्या बाजूने ये-जा ठेवली, तर ९ टक्करबिंदूंचे २ होतात. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने १९८१ पासून राज्य महामार्गांवरच्या फाटकांसाठी स्वतंत्र संहिताच लागू केली आहे.

'दुभाजक बंद केला तर गिऱ्हाईक तुटेल' अशी दुकानदारांची ओरड असते. पेट्रोलपंपासारख्या, जाता-जाता थांबायच्या धंद्यांच्या बाबतीत तिच्यात तथ्य आहे. मुद्दाम ठरवून जायच्या दुकानांना, म्हणजे फर्निचर, अवजारं, दवाखाना, पुढच्या वळणावरून वळून येण्याचा फारसा त्रास वाटत नाही. उलट रस्ता तुंबला तर लांबून येणारा माणूस मुळात निघतच नाही.

## सुनावणीला जाणार असाल तर

हरकती-सूचनांच्या दिवशी बोलायला बहुधा दोन-तीन मिनिटं मिळतात. ती 'विकास' किंवा 'पर्यावरण' या शब्दांवर घालवू नका, दोन्ही बाजूंनी ते शब्द झिजवून ठेवलेत. नव्या विभागात आपसूक परवानगी असलेल्या वापरांची यादी मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. प्रस्तावित पट्ट्यात मिळून फाटकं किती होणार, आणि ती मोजून वाहतुकीचा अभ्यास झालाय का, हे विचारा. एकेका अर्जाचा अभ्यास नको, पूर्ण पट्टा भरल्यावरचा हवा. जोडरस्ता कुणाच्या खर्चाने आणि कुठल्या दुकानाच्या आधी होणार, ते कागदावर आहे का? 'नंतर करू' म्हणून ठेवलेला जोडरस्ता दुकानांची पायरी बांधून झाल्यावर होत नाही, कारण त्याची जमीन तोवर पार्किंगने व्यापलेली असते.

आणि तिथे आधीपासून असलेल्या दुकानाचं काय, हा प्रश्न हमखास येतो. बहुतेक नियमावल्यांत जुन्या वापराला संरक्षण असतं: नवा नियम त्याच्याविरुद्ध असला तरी तो चालू ठेवता येतो. पण सहसा वाढवता येत नाही, आणि ठरावीक काळ बंद पडला किंवा इमारत बरीचशी नष्ट झाली तर तो हक्क जाऊ शकतो. त्यामुळे ज्यांचं दुकान नियमाच्या आधीचं आहे त्यांनी जुने परवाने, विजेची बिलं, कराच्या पावत्या एका जागी ठेवाव्यात. 'हे आधीपासून होतं' हे सिद्ध करायची जबाबदारी बहुधा दुकानदारावरच येते, आणि ती वेळ येते तेव्हा नकाशा बदलून दहा-पंधरा वर्षं झालेली असतात.